व्यायामाची सायकल, उजवा गुडघा आणि उलटे आटे

१० जून २०२४, सोमवार

सुरुवातीची मापं आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढे आठवणीवर भांडणं होतात. वजन ९४.२ किलो, उंची १६८ सेंमी, कंबर १०८ सेंमी, वय ५१. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३३ च्या वर जातो. आपल्याकडच्या लोकांना २५ च्या पुढेच लठ्ठ धरतात, त्यामुळे वाद नको.

काम लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, कोल्हापुरात उद्यमनगरला. शिफ्टभर उभं. उजवा गुडघा जिना उतरताना धरतो आणि खाली बसलं की उठताना हाताचा आधार लागतो. एक्स-रे उभं करून काढला. आडवं झोपवून काढलेल्या फोटोत हाडांमधली फट फसवी दिसते, म्हणून उभंच करतात. आतल्या बाजूची गादी झिजली आहे, ग्रेड दोन. ऑपरेशनचा विषय नाही. मांडी मजबूत करा, वजन उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बीपीची गोळी चालू असल्यामुळे व्यायामाआधी ईसीजी करून घेतला. दुखण्याच्या गोळ्या रोजच्या रोज घ्यायच्या नाहीत, त्यांनी बीपी चढतं.

‘सकाळी रंकाळ्याला चालायला जा’ हे सांगणारे गावभर आहेत. जाऊन झालं. जाताना माणूस असतो, येताना लंगडा. म्हणून घरातच काय जमतं ते बघायचं आणि त्याची नोंद इथे ठेवायची. माझ्यासारखा गुडघा असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

आणखी दोन मापं. खुर्चीवरून हात न लावता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं: ९. जिना उतरताना दुखणं १० पैकी ६.

१६ जून

मेहुण्याच्या गॅलरीत ट्रेडमिल पडून होती, फुकट मिळाली. टेम्पोने आणली. मोटर नसलेली, हाताने दांडा धरून पायाने पट्टा मागे ढकलायची. त्यावर चालायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत गुडघा फुगला.

कारण मशीनमध्येच आहे. पट्टा आपल्या पायाच्या जोरावर फिरायचा म्हणून तिला कायमचा चढ दिलेला असतो, तो काढता येत नाही. पट्टा आणि खालची फळी यांत घर्षण भरपूर. म्हणजे प्रत्येक पाऊल वाकलेल्या गुडघ्याने जोर लावूनच टाकायचं. फळीवर सिलिकॉन तेल सोडलं, पट्टा थोडा सैल केला, तरी फरक इतकाच पडला की आता पट्टा मध्येच सुटायचा आणि मी दांड्याला लटकायचो.

मोटरची ट्रेडमिल वेगळी गोष्ट आहे, तिची नोंद करायचा मला अधिकार नाही. पण बिनमोटरची, चढावाची, स्वस्तातली कुणी गुडघेवाल्याला देत असेल तर टेम्पोचं भाडं वाचवा. मेहुण्याला परत पाठवली. ‘कपडे वाळत घालायला बरी होती रे,’ असं बायकोचं मत पडलं.

२३ जून

जुनी व्यायामाची सायकल घेतली, ४,५०० रुपये. सरळ बसायची, चुंबकाच्या जोराची. घेताना काय बघितलं ते लिहितो, कारण जुन्या मालात हेच महत्त्वाचं.

पट्ट्याच्या ब्रेकची घेतली नाही. त्यात चाकाला नमद्याचा पट्टा घासतो. पट्टा तापला, झिजला, दमट हवेत फुगला की जोर बदलतो आणि पायडल मध्येच झटका देतं. निरोगी पायाला काही वाटत नाही, पण दुखऱ्या गुडघ्याला तो झटका कळतो. चुंबकाच्या सायकलीत चाकाला काहीच टेकत नाही. नॉब फिरवला की वायर ओढली जाते आणि चुंबकाची पट्टी चाकाच्या जवळ सरकते, एवढंच. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे बरं.

एक हात क्रँकवर, म्हणजे पायडल ज्या दांड्याला लागतं त्यावर, ठेवून आडवं हलवून पाहिलं, बेअरिंगला खेळ नव्हता. सीटच्या खांबाची भोकं शाबूत. डाव्या पायडलचे आटे मात्र खाल्लेले. आधीच्या मालकाने किंवा जोडणाऱ्याने सरळ फिरवून दाबलं असणार. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. क्रँकमधले आटे वाचले होते, नवीन पायडलची जोडी ३०० रुपयांना मिळाली. घेताना स्पिंडल, म्हणजे पायडलचा आटे असलेला दांडा, मोजून घ्या. रस्त्यावरच्या मोठ्या सायकलीचं पायडल नऊ-सोळांश इंची असतं, घरगुती व्यायामाच्या सायकलींना बऱ्याचदा चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचं. दोन्हीला इंचाला २० आटेच, त्यामुळे दुकानात नुसतं बघून फसायला होतं.

७ जुलै

सीटची उंची. यावर एक आख्खा आठवडा गेला आणि तो वाया गेला असं म्हणणार नाही.

सुरुवातीला सीट खाली होती, पाय जमिनीला टेकतात म्हणून बरं वाटायचं. दहा मिनिटांत गुडघ्याच्या वाटीच्या मागे ठुसठुस. फिजिओ मॅडमना दाखवलं. त्यांनी सांगितलं, सीट खाली असली की गुडघा जास्त वाकलेला असतानाच जोर येतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. उंची लावायची त्यांची रीत: पायडल सगळ्यात खाली आणायचं, त्यावर टाच ठेवायची, गुडघा सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. फिरवताना कंबर डावी-उजवीकडे डुलली तर सीट फार वर गेली.

टाच लावून बघितली तर चौथ्या भोकावर गुडघा वाकलेला, पाचव्यावर टाच सुटते. भोकं २५ एमएमच्या अंतरावर. मधोमध भोक मारावं असं कुणालाही वाटेल, पण १० एमएमची भोकं आहेत. मध्ये आणखी एक मारलं तर दोन भोकांत जेमतेम अडीच एमएम पत्रा उरतो, एखाद्या दिवशी फाटून मी खाली. म्हणून भोक मारलं नाही. सीटच्या प्लेटखाली १२ एमएमचा प्लायचा तुकडा कापून घातला, स्टड लांब लावले.

जोर दोनवर. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या. सुरुवात सकाळ-संध्याकाळ आठ-आठ मिनिटं. ठुसठुस कमी झाली, गेली नाही.

दुखण्याचा नियमही त्यांनीच घालून दिला. व्यायाम करताना १० पैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर परत यायला हवं. नाही आलं तर आदल्या दिवशी जास्त झालं. हा नियम मला फार आवडला, त्यात अंदाजपंचे काही नाही. सकाळी जिना उतरताना आकडा लिहायचा, बस.

१४ जुलै

सायकलीच्या मीटरवर कॅलरी दिसतात. पहिल्या आठवड्यात त्या आकड्यांवर खूश होतो, वजनकाटा मात्र ढिम्म, ९३.८. म्हणून मीटरची परीक्षा घेतली.

जोर दोनवर ठेवून दहा मिनिटं एका वेगाने मारली, आकडा लिहिला. जोर सातवर, तोच वेग, तेवढाच वेळ. घाम दुप्पट, आकडा तोच. मग पोरीला सांगितलं, खाली बसून हाताने पायडल फिरव. तिच्या हातानेही कॅलरी तितक्याच जळत होत्या. ‘पप्पा, मी दिवसभर फिरवते, तुम्ही झोपा.’

कव्हर उघडलं. आत पुलीवर एक बारकं चुंबक आणि समोर दोन वायरींचा स्विच. चुंबक समोरून गेलं की एक टिक. मीटर फक्त फेऱ्या मोजतं आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणतं. वर ९४ किलोचा माणूस बसलाय का पोरगी हाताने फिरवतेय, जोर किती आहे, हे त्याला कळायची सोयच नाही. कॅलरीच्या चौकटीवर इन्सुलेशन टेप चिकटवली. वेळ तेवढी बघतो.

२८ जुलै

आठवडाभर धो धो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. कारखान्यात माणसं निम्मी, माल यायचा बंद. रिकाम्या वेळात डोकं चाललं.

फिजिओ मॅडमनी कोन मोजायच्या पट्टीने गुडघा मोजला होता. पायडल खाली असताना ३० अंश वाकतो, ते ठीक. पायडल सगळ्यात वर असताना ११० च्या आसपास. आणि माझं दुखणं साधारण १०० च्या पुढे सुरू होतं. म्हणजे प्रत्येक फेरीत गुडघा दुखऱ्या जागेत जाऊन येतो, मिनिटाला सत्तर वेळा. जोर कमी करून, वेळ कमी करून हे सुटणार नाही. त्या म्हणाल्या, मागे रेलून बसायची सायकल घ्या, नाहीतर आखूड क्रँकची. ऑपरेशननंतर पेशंटला जी सायकल देतात तिचा क्रँक कमी-जास्त करता येतो. रेलून बसायची बघितली, पंधरा-वीस हजारांच्या खाली धड एकही दिसेना. आखूड क्रँक बाजारात मिळेना.

पण क्रँक म्हणजे शेवटी लोखंडाचा दांडा, आणि आम्ही लोखंडच कापतो.

हिशेब असा. क्रँक १७० एमएमचा. पायडल वर-खाली एकूण ३४० फिरतं. क्रँक १३० केला तर फेरा २६० होतो. पायडल खाली असताना ४० ने वर आलं, म्हणून सीट ४० ने वर घ्यायची. मग पायडल वर असताना सीटपासूनचं अंतर ८० एमएमने वाढतं: ४० क्रँकचे, ४० सीटचे. माझ्या पायाच्या मापांचा त्रिकोण कागदावर काढला तर वरचा कोन १०९ वरून ९५ वर येतो. दुखणं सुरू होतं त्याच्या अलीकडे. कागदावर तरी.

४ ऑगस्ट

क्रँकलाच आत दुसरं भोक मारायचा विचार सोडला. दांडा तिथे जेमतेम २२ एमएम रुंद, चार सुती भोकाच्या दोन्ही बाजूंना साडेचार-पाच उरतात. माणसाचं वजन पडलं तर मोडणार. म्हणून वेगळी प्लेट करून क्रँकवर आवळायची.

एमएस फ्लॅट, म्हणजे साध्या लोखंडाची पट्टी, ४० बाय १६ एमएम, लांबी ११०. भंगारात पडलेला होता, मालकांना विचारून घेतला. जाडी १६ का? पायडलचा आट्याचा भाग १३ असतो. बाराचा फ्लॅट घेतला तर स्पिंडलचं टोक मागे क्रँकला टेकून प्लेटच उचलतं. प्लेटच्या टोकाला क्रँकच्या मूळ भोकासमोर एम-दहाचा बोल्ट, पुढून डोकं खोल बसवलेलं, मागून पातळ नट. तिथून आत २० वर एक आणि ४० वर एक अशी पायडलची दोन भोकं, म्हणजे क्रँक १५० किंवा १३०, हवा तसा. प्लेट फिरू नये म्हणून आतल्या टोकाला क्रँकच्या मागून पाच एमएमची पट्टी आणि दोन बाजूंनी एम-आठचे बोल्ट. क्रँकचं बाहेरचं तोंड फाईलने सपाट करून घेतलं.

भोक साडेअकराचं, त्यावर अर्धा इंच वीस आट्यांचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. उजवी प्लेट तासाभरात झाली. डाव्या प्लेटला उलट्या आट्याचा टॅप लागतो, तो आमच्याकडे नव्हता. एवढ्या बारीक भोकात लेथवर उलटे आटे काढायचे म्हणजे हत्यार काडीएवढं होतं, थरथरतं. म्हणून डावीलाही सरळ आटे मारले, दुसरं एक सरळ आट्याचं उजवं पायडल आणून लावलं, आणि आटे पक्के धरणारं लिक्विड ओतलं.

७ ऑगस्ट

डावं पायडल सुटलं. पहिल्या दिवशी टिकलं, काल कुरकुर, आज तिरकं झालं आणि अर्धे आटे घेऊन बाहेर आलं. पाय घसरला, पण वेग कमी होता म्हणून निभावलं.

सायकलीत डावीकडे उलटे आटे ठेवलेत ते उगाच नाही. पाय पायडलवर दाब देतो तेव्हा स्पिंडल भोकाच्या एका बाजूला दाबलं जातं आणि ती दाबाची जागा फेरीबरोबर फिरत राहते. स्पिंडल भोकात किंचित घरंगळतं आणि हळूहळू एका दिशेने वळत जातं. डावीकडे ती दिशा सरळ आटे सोडवणारी. लिक्विड, वॉशर, कितीही आवळलेलं असो, कधीतरी सुटणारच. हे मला शिकवायला कुणी नको होतं, घाई नडली. प्लेट भंगारात, पायडल भंगारात, १५० रुपये गेले.

१८ ऑगस्ट

उलट्या आट्याचा टॅप उद्यमनगरातच हत्यारांच्या दुकानात सांगून मागवला, ७०० रुपये. दुकानदार म्हणाला, ‘भावा, सायकलवाले कुठले हे मागतायत, गॅसवाले मागतात.’ नवीन डावी प्लेट केली.

बसवल्यावर मागचा नट प्लास्टिकच्या कव्हरला घासायला लागला. प्रत्येक फेरीला टक्. नट आणखी पातळ केला, बोल्टचं टोक ग्राइंडरने उडवलं. तरी टक् चालूच. अर्धा दिवस प्लेट काढघाल केल्यावर कळलं की आवाज माझ्याच गुडघ्याचा होता. न दुखता नुसता आवाज येत असेल तर दुर्लक्ष करा, असं मॅडम म्हणाल्या. केलं.

सीट ४० एमएम वर हवी होती. दोन भोकं वर घेतली, ५०, आणि खालचा १२ चा प्लाय काढून टाकला. राहिले ३८. झालं! एवढ्या निगुतीने कापलेला प्लाय आता दाराला अडसर म्हणून आहे.

पट्टीने परत मोजलं: वरचा कोन ९६. दोन्ही पाय १६-१६ एमएमने बाहेर गेलेत, म्हणून गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो ना हे आरशात बघून घेतलं. पहिल्याच दिवशी वीस मिनिटं सलग मारली. दुसऱ्या दिवशी सकाळचा जिन्याचा आकडा ३. वजन ९२.९.

१ सप्टेंबर

नुसत्या सायकलीने मांडी भरत नाही, म्हणून जमिनीवरचे व्यायाम. जमिनीवरचे म्हणतो, पण मी ते पलंगावर करतो. खाली बसून उठण्यातच गुडघ्याचा दिवस संपतो.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे. कुशीवर होऊन वरचा पाय उचलणे, यात कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू लागतो आणि तोच कमजोर असला तर चालताना गुडघा आत पडतो. टाचा उचलणे. आणि खुर्चीवरून उठणे-बसणे, सुरुवातीला सीटवर दोन उशा टाकून, मग एक, मग बिनउशीचं.

घोट्याला बांधायची वजनं घरीच केली. जुन्या जीन्सच्या पायाची नळी शिवून आत सीआय बोरिंग, म्हणजे बिडाचा कीस, भरलं, किलो-किलोची दोन. आमच्याकडे बिडाची कास्टिंगं लेथला लागतात, बारीक दाणेदार कीस ढिगाने पडतो, फुकट. चार दिवसांत घामाने गंजलं, चादरीवर तांबडे-काळे डाग पडले. बायकोने सायकलीसकट मला बाहेर काढायची भाषा केली. रिकामं करून जाड वाळू भरली, आत प्लास्टिकची पिशवी. ही वजनं फक्त पाय सरळ ठेवून उचलताना. खुर्चीवर बसून, वजन बांधून पाय लाथ मारल्यासारखा सरळ करायचा व्यायाम जिममध्ये सर्रास देतात. मॅडमनी माझ्यासाठी तो बंद ठेवलाय, वाटीवर नको तिथे दाब येतो.

रबरी बँड ३५० चा घेतला. रंगावरून जोर ओळखू नका, एका कंपनीचा हिरवा म्हणजे दुसरीचा निळा असतो.

१९ सप्टेंबर

गणपतीत गुडघा फुगला. दोष सायकलीचा नाही. रोज आरतीला उभं, मग पंगतीत मांडी घालून, मग वाढायला उठ-बस. विसर्जनाला मंडळाबरोबर रात्रभर. वर पुन्हा ‘एवढं चालतोय तर आता जोर वाढवू’ म्हणून नॉब पाचवर नेला होता. दोन्ही एकाच आठवड्यात.

बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं. गरम पिशवीची आमच्या घरात फार श्रद्धा आहे, पण सूज असताना शेक नको. पूर्ण विश्रांती घेतली नाही. जोर एकवर, दहा मिनिटं, नुसते पाय फिरवायचे. सूज उतरेपर्यंत तेवढंच. घरात खुर्ची-टेबलावर जेवण चालू केलं, संडासावर कमोडची खुर्ची ठेवली. कमोडची खुर्ची आणायला मला लाज वाटत होती, ती ज्या दिवशी आली त्या दिवसापासून सकाळचा आकडा एकाने उतरला.

वजन ९२.४. तीन महिने उलटले आणि दोन किलोही नाहीत.

६ ऑक्टोबर

आज कागद घेऊन बसलो. माझ्या वजनाच्या माणसाने हलक्या जोरावर अर्धा तास सायकल मारली तर साधारण दीडशे ते पावणेदोनशे कॅलरी जातात. एक किलो चरबी म्हणजे साडेसात-पावणेआठ हजार.

आता दुसरी बाजू. कारखान्यात दिवसाला सहा कटिंग. प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. साठ ग्रॅम साखर, २४० कॅलरी. म्हणजे संध्याकाळची सगळी सायकल चहातच बुडते आणि वर उधारी राहते.

तेल. घरात चार माणसं, महिन्याला पाच लिटरचा डबा. लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, ग्रॅमला नऊ कॅलरी. डबाभर तेलाच्या एकेचाळीस हजार. चौघांत, तीस दिवसांत वाटल्या तर माणशी रोजच्या ३४०. नुसतं तेल, भाकरी वेगळी. बायकोला हिशेब दाखवला. ती म्हणाली, ‘अहो, मग भजी कोण मागतं?’ ठरलं असं: महिन्याचे तीन लिटर काढून वेगळ्या बरणीत, बरणी संपली की संपली. मोजून ओतायला नको, भांडायला नको.

चहा दोनवर आणला, एक चमचा साखर. पहिले काही दिवस डोकं दुखलं.

मटण बंद केलेलं नाही, मी कोल्हापूरचा आहे. तांबडा रस्सा वाटीभर, वरचा कट, म्हणजे तेलाचा तवंग, बाजूला काढून. पांढरा सणासुदीला. उलट मटण, अंडी, उसळ हे वाढवलंच, मांडीला प्रथिनं लागतात. कमी केला तो भात आणि रात्रीची तिसरी भाकरी.

नवरात्र चालू आहे. दरवर्षी नऊ दिवस उपवास धरतो आणि दरवर्षी वजन वाढतं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, त्यावर शेंगदाण्याचा कूट आणि तूप. यंदा उपवास सोडला, देवीला हात जोडून नीट जेवतो.

वजन ९१.९.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. फराळ खाल्ला. ९०.६. सायकल रोज तीस मिनिटं, जोर तीन. लिहिण्यासारखं मोडलं-बिडलं काही नाही.

८ डिसेंबर

८८.१. नोव्हेंबरच्या मधल्या दोन आठवड्यांत काटा हललाच नव्हता, तेव्हा काट्यावरच संशय घेतला. आमच्या फरशा उंच-सखल आहेत, काटा एका फरशीवरून दुसरीवर सरकवला की अर्धा किलो इकडे-तिकडे. आता एकच फरशी, तिच्यावर खडूने चार कोपरे आखलेत. आणि रोजचा आकडा न धरता आठवड्याची सरासरी. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी, जेवण, झोप सगळंच उलटं, त्यातल्या आकड्यांकडे बघायचं नाही.

खुर्चीची परीक्षा: ९ चे १४ झाले. माझ्या मते वजनापेक्षा हे माप खरं. वजन फारसं उतरलेलं नसताना ऑक्टोबरातच हे ९ वरून १२ वर आलं होतं आणि जिना तेव्हापासून सुधारला. वजन स्वयंपाकघरातून उतरलं, मांडी सायकलीने आणि पलंगाने दिली. सायकलीकडून वजन मागितलं असतं तर ऑगस्टमध्येच विकून टाकली असती.

१२ जानेवारी २०२५

८६.५ किलो, कंबर ९९. पुरुषाची कंबर ९० च्या खाली हवी, म्हणजे अजून बराच रस्ता आहे. ७.७ किलो उतरले. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, अमेरिकेत गुडघेदुखीच्या पेशंटवर मोजलेलं आहे. त्या हिशेबाने तीस किलोचं पोतं प्रत्येक पावलागणिक कमी. जिना उतरताना आकडा २, थंडीच्या सकाळी ३. उकिडवं बसता येत नाही, ते मी सोडून दिलंय.

खर्च: सायकल ४,५००, ट्रेडमिल आणि सायकलीचे टेम्पो मिळून १,०००, पायडल ४५०, टॅप ७००, बोल्ट-स्टड १५०, खालची रबरी मॅट ९००, बँड ३५०. एकूण ८,०५०. लोखंड फुकट. एक्स-रे आणि फिजिओची फी वेगळी, आणि त्यातला एकही रुपया वाचवण्यासारखा नव्हता.

गेल्या आठवड्यात पायडल १५० च्या भोकात लावून पाहिलं, सीट एक भोक खाली. चालवताना मजा आली, मोठा फेरा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा ४, त्याच्या पुढच्या दिवशीही ४. परत १३० वर आणलं. होळीनंतर पुन्हा बघेन.

कुणाला प्लेट करून घ्यायची असेल तर टर्नरला एवढं सांगा: आधी पायडलचं स्पिंडल मोज, चार सुती का नऊ-सोळांश. चार सुतीला भोक साडेअकरा. दोन्ही प्लेटवर पंचने उजवी-डावी अशी खूण कर. आणि उलटा टॅप हातात आल्याशिवाय डाव्या प्लेटला ड्रिल लावू नको.